रांजणातला बाप

नदी उतरून या. फाल्गुनाचे दिवस आहेत, घोडचं पाणी जेमतेम घोट्यापर्यंत येतं. एरवी शिरूरकडून इनामगावला येताना उसाच्या ट्रॉल्या रस्ता अडवतात, आणि वर चिंचणीच्या धरणातून आवर्तन सुटलंय का हे विचारल्याशिवाय कुणी पात्रात उतरत नाही. आज विचारायला धरणच नाही. ऊस नाही, मिरची नाही, मका नाही, लोखंडाचा खिळासुद्धा नाही. इसवीसनापूर्वी 1000 च्या आगेमागे तुम्ही घोडचा उजवा काठ चढता आहात आणि पहिला वास येतो तो भाजलेल्या सातूचा.

पश्चिमेच्या अंगानं शिरलात तर आधी कारागीर भेटतात. कुंभाराचा आवा थंड होतोय. तांबड्या अंगावर काळी नक्षी असलेली तोटीची भांडी राखेतून काढून ओळीनं ठेवली आहेत. पलीकडे चुना भाजणारा, मणी घासणारा, हस्तिदंत कोरणारा. धुराचे धंदे कडेला आणि धान्यवाले मध्यभागी, ही मांडणी तुमच्या ओळखीची आहे. आत गेलात की चौकोनी घरांच्या ओळी लागतात. खाली बुटकी मातीची भिंत, तिच्यावर कूड, वर गवताचं छप्पर. दोन घरांमधली बोळ एवढीच की हात पसरले तर दोन्हीकडचं लिंपण बोटांना लागावं. अंगणात पाट्यावर सातू भरडले जाताहेत, चुलीवर हुलगे शिजताहेत, एक बाई बोरं वाळत घालते आहे. तिनं वर पाहिलं आणि काहीतरी विचारलं. उत्तर देऊ नका. ती कुठली भाषा बोलते हे आज कुणालाही सांगता येत नाही, आणि तुमची मराठी जन्मायला अजून फार अवकाश आहे.

चालत राहा. गावाच्या मधोमध एका घरापाशी बोळ रुंदावते. बाकीच्या घरांत एक, फार तर दोन खोल्या, इथे पाच. शेजारी दुसरी वास्तू, तिच्यात माणसं राहत नाहीत. जमिनीवर मातीचे गोल ओटे घातलेले, त्यांवर कणग्या, आणि बाजूला पेव. हे गावाचं कोठार. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मांडी घालून बसलेला जो माणूस आहे, त्याच्याकडे मान वर करून बघायचं नसतं हे तुम्हाला कुणी न सांगता कळतं. वय चाळीसच्या घरात. इथे चाळीस म्हणजे पिकलेलं वय. त्याला आपण थोरला म्हणू. पाटील म्हणायचा मोह होतो, पण पाटील म्हटलं की सनद, वतन, मानपान, पोळ्याच्या बैलांची भांडणं असं सगळं मागून येतं, आणि त्यातलं काहीच इथे अजून नाही.

क्षणभर थोरल्याला तिथेच बसू द्या. तो आपल्याला कसा भेटला ते आधी बघून घेऊ. 1968 ते 1983 अशी पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजची माणसं या पांढरीवर खणत होती: हसमुख सांकळिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी आणि त्यांचे विद्यार्थी. सव्वाशेच्या वर घरं आणि अडीचशेच्या वर दफनं त्यांनी उघडी केली. 1988 मध्ये अहवाल छापून आला. महाराष्ट्रात एकाच ताम्रपाषाणयुगीन गावाचा इतका बारकाईनं झालेला अभ्यास दुसरा नाही. त्या ढिगातून ढवळीकरांनी एक माणूस उभा केला, गावाचा प्रमुख. आधार तीन. एक, ते कोठार. दोन, नदीच्या पुराचं पाणी वळवायला खणलेला पाट, सुमारे 200 मीटर लांब, 4 मीटर रुंद, साडेतीन मीटर खोल, काठाला दगडमातीचा बांध. एवढं काम कुणीतरी हुकूम सोडल्याशिवाय आणि खाणाऱ्यांना धान्य घातल्याशिवाय होत नाही. तिसरा आधार म्हणजे पाय.

पायांचं असं. इनामगावात मोठं माणूस मेलं की घरातच खड्डा करून त्याला उताणं निजवत, डोकं उत्तरेला, आणि घोट्याखाली पाय तोडून टाकत. मेलेल्यानं उठून चालत परत येऊ नये म्हणून, असा अभ्यासकांचा सर्वसाधारण अंदाज आहे. या एका माणसाचे पाय मात्र शाबूत सापडले. आणि त्याला निजवलेलं नव्हतं. चार पायांच्या एका मोठ्या मातीच्या रांजणात तो मांडी घालून बसला होता, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात.

मला विचाराल तर ढवळीकरांनी फक्त प्रमुख शोधला नाही. त्यांनी गावाला बाप दिला. कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे तो मायबाप, हे आपल्या हाडीमाशी इतकं खिळलेलं आहे की आपण सरकारलाही तेच म्हणतो. आता परत अंगणात चला आणि हा बाप कसा होता ते बघा.

कोठाराच्या दारात एक बाई आली आहे. कडेवर पोर, डोक्यावर रिकामी टोपली. तिच्या शेतापर्यंत या वर्षी पाटाचं पाणी पोचलेलं नाही. ती बोलत नाही, टोपली खाली ठेवते. थोरला उठतो, कणगीत हात घालतो, ओंजळ भरतो, टोपलीत टाकतो. दुसरी. तिसरी भरताना थांबतो, टोपलीकडे बघतो, पोराकडे बघतो, आणि ओंजळ अर्धी करून ओततो. बाई हलत नाही. मग तो काहीतरी पुटपुटत पेवातले मूठभर वाल काढतो आणि वर टाकतो. मूठ उघडताना त्याच्या तोंडावर जे भाव आहेत ते तुम्ही पाहिलेले आहेत, पगाराच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या सहलीचे पैसे मागितल्यावर. (ओटे, कणग्या, पेव खरी. वाल, हुलगे, मसूर, सातू यांचे जळके दाणे खरे. ओंजळी माझ्या. कोठारात येणारं धान्य सारा म्हणून यायचं की अडीअडचणीची तजवीज म्हणून, हे जळके दाणे सांगत नाहीत.)

ही मूठ लक्षात ठेवा आणि एक उडी घ्या, तीन हजार वर्षांची आणि दोन समुद्रांपलीकडची. डब्लिन, 16 जून 1904, दुपारचे तीन. लिफी नदीच्या काठी डिलनचं लिलावघर आहे, दारात एक नोकर घंटा वाजवतो आहे. तुम्ही जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’मध्ये उभे आहात. भिंतीला टेकून उभी असलेली ती किडकिडीत पोरगी डिली डेडालस. ती बापाची वाट बघते आहे. बाप येतो, सायमन डेडालस. आवाज पहाडी, जिभेवर विनोद, अंगावर जुन्या सुबत्तेचा रुबाब. पोरीनं पैसे विचारायच्या आधीच तो तिला ताठ उभं राहायला सांगतो, ती कशी वाकून उभी आहे याची नक्कल करून दाखवतो. गावात चार पेन्स उसने द्यायला कुणी तयार नाही, हेही सांगून टाकतो. ती ऐकत नाही. तुम्हाला मिळालेत पैसे, ती म्हणते. तेव्हा एक शिलिंग निघतं. अजून आहेत, ती म्हणते. मग खिशातली नाणी चाचपून आणखी दोन पेन्स, दूध पी आणि काहीतरी खा म्हणून. घरी तिच्या बहिणी नन्सनी दिलेल्या वाटाण्याच्या सुपावर भागवताहेत. आणि हा गृहस्थ तासाभरात ऑर्मंड हॉटेलच्या बारमध्ये पियानोशेजारी उभा राहून असा गातो की ऐकणाऱ्यांचे ग्लास हातात राहतात.

तुम्हाला त्याचा राग येतो आणि गाणं संपू नये असंही वाटतं. जॉइसची सगळी करामत इथे आहे. सायमनमागे जॉइसचा खरा बाप आहे, जॉन स्टॅनिस्लॉस जॉइस, 1849 मध्ये कॉर्कला जन्मलेला, वडिलोपार्जित घरंदारं मिळालेला, डब्लिनमध्ये कर वसुलीची नोकरी असलेला. 1893 च्या सुमारास नोकरी गेली, कॉर्कच्या मिळकती गहाणवटीत आणि विक्रीत गेल्या, आणि दहा जित्याजागत्या पोरांचं कुटुंब एकापेक्षा एक पडक्या घरांत बिऱ्हाड हलवत राहिलं. 1916 च्या ‘पोर्ट्रेट’ कादंबरीत बाप मुलाला घेऊन कॉर्कला जातो, उरलीसुरली मालमत्ता लिलावात काढायला. तिथल्या कॉलेजच्या शरीरशास्त्राच्या वर्गात तो बाकांवर आपल्या नावाची कोरलेली अक्षरं शोधत फिरतो. मुलगाही शोधतो, आणि त्याला बाकावर दुसराच शब्द कोरलेला सापडतो: भ्रूण. बापाच्या नावासाठी खणायला गेलं की हाताला जे लागतं ते असं.

मुलगाही काही धुतल्या तांदळासारखा नाही, हे जॉइस लपवत नाही. त्याच दुपारी डिली त्या दोन पेन्सांतल्या एका पेनीला फुटपाथवरून फ्रेंच शिकायचं जुनं पुस्तक घेते आणि पुस्तकांच्या गाडीशी तिला थोरला भाऊ स्टीफन भेटतो. त्याच्या खिशात त्या सकाळी मिळालेला पगार आहे. त्याला तिच्या डोळ्यांत स्वतःचे डोळे दिसतात, तो आतून हलतो, आणि पैसे खिशातच राहतात. बापाचा वारसा असाही चालतो.

आपल्याकडचं बघायचं तर पांडुरंग सांगवीकर घ्या. 1963 मध्ये पंचविशीतल्या भालचंद्र नेमाड्यांनी ‘कोसला’ लिहिली. खानदेशातल्या सांगवीचा वजनदार बाप, त्याचे पैसे पुण्यात उडवणारा मुलगा, धाकटी बहीण मनी मरते आणि मुलाला घराचा, गावाचा, जगण्याचाच तिटकारा येतो. सायमन आणि सांगवीकरांचे वडील यांत फरक मोठा आहे. एक उधळ्या, दुसरा मुठी आवळणारा. पण दोघांनाही आपण ऐकतो ते पोराच्या तोंडून. बाप काय होता ते पोरगं सांगतं, चिडून, नकला करून, अधूनमधून जीव लावून. जॉन जॉइस 29 डिसेंबर 1931 ला मेला तेव्हा मुलगा जवळ नव्हता. 1912 नंतर तो आयर्लंडला फिरकलाच नव्हता. मात्र आपल्या पुस्तकांतली शेकडो पानं आणि कितीतरी पात्रं बापाकडून आली, हे त्यानं लगेच पत्रात लिहून ठेवलं.

थोरल्याला असा मुलगा मिळाला नाही. लिपीच नव्हती. म्हणून त्याची बाजू मांडायला रांजण आहे, आणि रांजण गावानं घडवलेला आहे, म्हणजे तो चांगलंच बोलणार.

परत इनामगावात या, पण आता रात्री. मघाच्या बाईच्या घरात दिवा नाही, चुलीतले निखारे आहेत. कडेवरचं पोर गेलं. आवाज फारसा नाही. या गावात ही रात्र वरचेवर येते. नवऱ्यानं घरातली जमीन उकरली आहे, चुलीपासून चार हातांवर. दोन राखाडी मडकी शेजारी ठेवली आहेत. पोराला त्यांत निजवतात, मडक्यांची तोंडं एकमेकांना भिडवतात, आडवी करून खड्ड्यात ठेवतात. जवळ एक छोटं भांडं, त्यात काहीतरी खायचं. वर माती, मातीवर शेण. दोन दिवसांनी त्याच जागेवर ती बाई बसून दळेल. लेकरू दूर धाडलेलं नाही, पायाखाली आहे. पोरांचे पाय कुणी तोडत नाही, ती परत आली तर हवीच असतात, असं आपलं मला वाटतं.

अडीचशेच्या वर दफनांत बहुतेक अशी पोरं आहेत. घराघरांत. पाच खोल्यांच्या घरातही जमीन उकरली जात असणारच. कोठार शेजारी असलं म्हणून ताप आणि जुलाब दारात थांबत नाहीत.

थोरला मेला त्या दिवशीही थांबा. ओल्या मातीचा रांजण गावानं हातानं घडवला आहे, माणसाच्या देहासारखं पोट, खाली चार जाड पाय. थोरल्याचे गुडघे वाकवताना दोघं जण घामाघूम झालेत. शेजारी उभ्या बाप्यांच्या मनात काय चाललं असेल? उद्या त्यांचे पाय तुटणार आहेत. याचे नाहीत. जवळ ठेवायला एक भांडं आणलं आहे, त्यावर लांब वल्ह्यांची नाव रंगवलेली. घोडमध्ये फाल्गुनात नाव काय, म्हैसही तरंगत नाही. ही नाव दुसऱ्या कुठल्या पाण्याची. ज्याला परत येऊ नये म्हणून पाय तोडावे लागत नाहीत, ज्याला जायला नाव मिळते, तो गावाला हवासा होता की गाव त्याला घाबरत होतं? दोन्हींत फरक करणं त्या अंगणात उभं राहूनही जमत नाही. घरातल्या बापांच्या बाबतीत तरी कुठे जमतं.

आता आणखी काही पिढ्या थांबा. घाई करू नका. वर्षं जातात तशी चौकोनी घरं पडतात आणि त्यांच्या जागी गोल झोपड्या उभ्या राहतात, छोट्या, एकमेकींना टेकून. भांड्यांवरची नक्षी उतरते, मग जवळजवळ जाते. दाण्यांत सातू कमी होतो. गाईबैलांची हाडं घटतात, शेळ्यामेंढ्यांची आणि हरणांची वाढतात. शेती करणारं गाव हळूहळू कळपामागं हिंडणारं होतं. ब्लॅकरॉकच्या ऐसपैस घरातून डब्लिनच्या भाड्याच्या खोल्यांत उतरत जाणारं जॉइसचं बिऱ्हाड आठवा. फक्त इथे ती उतरण तीनशे वर्षं चालली, आणि इसवीसनापूर्वी 700 च्या सुमारास गाव उठलं.

दोष कुणाचा? पाऊस कमी झाला, असं ढवळीकरांचं उत्तर. उत्तर सोयीचं आहे, बापासाठी तर फारच. आकाशाकडे बोट दाखवलं की कणगीकडे कुणी बघत नाही. पण 2011 मध्ये ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी संशोधिकेनं इनामगावच्या पोरांच्या हाडांवर पुस्तक लिहिलं. मडक्यांत निजवलेली ती लेकरं. मांडीच्या हाडाची लांबी आणि जाडी, दातांवरून काढलेलं वय, यांचा मेळ घालून तिनं पाहिलं की नंतरच्या काळातली पोरं वयाच्या मानानं खुंटलेली, अंगानं खंगलेली होती. केवळ कोरड्या हवेनं हे सगळं समजावता येतं का, अशी शंकाही तिनं घेतली. वाढलेली तोंडं आणि शेती करायची रीत यांच्याकडेही बघायला हवं, असा तिचा रोख आहे.

म्हणजे साक्ष शेवटी पोरांनीच दिली, स्टीफनसारखी, सांगवीकरासारखी. फक्त ती बोलून द्यायचं त्यांना जमलं नाही. रांजण सांगतो, मोठा माणूस होता. मडकी सांगतात, आम्हाला पुरलं नाही. दोन्ही एकाच पांढरीतून निघालेलं आहे आणि मला दोन्ही खरं वाटतं. थोरला नालायक होता असं म्हणायला माझ्याकडे काही नाही. ज्या पिढ्यांची पोरं खुंटली त्यांतल्या बऱ्याच त्याच्या नंतरच्या असतील. पण ज्या पाटासाठी आपण त्याला मायबाप केलं, तो पाट गाळानं भरत आला असेल तेव्हा खणायला पुढं कुणी आलं नसावं. शाबूत पाय घेऊन बसलेला बाप पोरांना ठेवून काय गेला, हे विचारायचा हक्क पोरांना आहे. सायमनच्या पोरांनी तो पुरेपूर बजावला.

आता घरी या. पुण्यात, पिंपरीत, छत्रपती संभाजीनगरात, जिथे राहता तिथे. जेवणाच्या टेबलावर तुमची मुलगी बसली आहे, समोर तुम्ही कोणाकडून तरी आणलेलं सहावीचं एनसीईआरटीचं जुनं इतिहासाचं पुस्तक. त्यात इनामगाव आहे, पाच खोल्यांचं घर आहे, चार पायांचा रांजण आहे, आणि खाली मुलांना प्रश्न विचारला आहे की हा माणूस गावाचा प्रमुख होता असं वाटतं का, कारणं द्या.

‘‘बाबा, होता का?’’

‘‘होता ना. घर मोठं, धान्य त्याच्याकडे. लिही.’’

‘‘म्हणजे चांगला होता?’’

‘‘कारणं विचारलीत तेवढी लिही गं.’’

ती लिहिते. मोठं घर, पहिला मुद्दा. कोठार, दुसरा. पेन्सिल तोंडात धरून जरा वेळ चित्राकडे बघते.

‘‘बाबा, सहलीचे पैसे उद्या शेवटची तारीख आहे.’’

तुम्ही खिसा चाचपता. सुट्टे आहेत का ते बघतो, म्हणता.